रिकाम्या गादीची चांदीची नाणी : सेदे वाकान्ते

ठसेगार

पोप वारले किंवा पायउतार झाले की नवा पोप निवडून येईपर्यंत रोमची गादी रिकामी असते. या काळाला लॅटिनमध्ये 'सेदे वाकान्ते' म्हणतात. कधी पंधरा दिवस, कधी सहा महिने. एवढ्याशा काळासाठी रोमच्या टांकसाळीत वेगळी नाणी पाडायची प्रथा १५ व्या शतकाच्या अखेरपासून आहे. परदेशी नाणी जमवणाऱ्या आपल्या मंडळींनी याकडे फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा.

आधी ही नाणी कोणाच्या हुकमाने पडतात ते बघू. पोप गेले की त्यांच्या नावाने चालणारा कारभार तिथेच थांबतो. त्यांची मुद्रेची अंगठी निकामी करतात, म्हणजे मागच्या तारखेचं काही खोटं शिक्कामोर्तब व्हायला नको. बहुतेक खात्यांच्या प्रमुखांचे अधिकारही संपतात. ज्यांचे टिकतात त्या मोजक्या लोकांत एक असतो कामेरलेंगो, म्हणजे खजिना आणि मालमत्ता सांभाळणारा कार्डिनल (पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी एक). टांकसाळ याच्याच अखत्यारीत. म्हणून गादी रिकामी असताना पडलेल्या नाण्यावर कुलचिन्ह येतं ते या कामेरलेंगोचं.

आता नाणं हातात आल्यावर बघायचं काय? पोपच्या नाण्यावर कुलचिन्हाच्या ढालीच्या डोक्यावर तीन थरांचा मुकुट असतो आणि त्याच्यासोबत दोन किल्ल्या. गादी रिकामी असली की मुकुट जातो आणि त्या जागी अर्धवट उघडलेली पट्ट्यापट्ट्यांची छत्री येते. किल्ल्या तशाच राहतात, छत्रीच्या दांड्यापाशी एकमेकींवर तिरप्या. ढालीभोवती कार्डिनलची रुंद काठाची टोपी आणि दोन्ही बाजूंना लोंबणारे गोंडे. भिंगाखाली छत्रीच्या एकाआड एक पट्ट्या बघा. जिथे उभ्या बारीक रेघा आहेत तो लाल रंग, जिथे ठिपके आहेत तो सोनेरी. आडव्या रेघा म्हणजे निळा. रंग रेघांनी दाखवायची ही पद्धत १७ व्या शतकात रूढ झाली, आणि ती एकदा कळली की नुसत्या चांदीवर अख्खी ढाल रंगीत वाचता येते.

छत्रीवर एवढा भर देतोय त्याला कारण आहे. १७ व्या आणि १८ व्या शतकांत पोप आपल्या पुतण्या-भाच्यांना मोठी पदं देत, आणि कामेरलेंगोचं पद त्यातलं अगदी मोक्याचं. आठव्या अर्बनचं घराणं बार्बेरिनी, त्यांच्या ढालीवर तीन मधमाश्या. त्यांचाच पुतण्या अंतोनियो बार्बेरिनी १६३८ पासून कामेरलेंगो. १६४४ मध्ये अर्बन वारले, तेव्हा रिकाम्या गादीच्या नाण्यावर कोणाचं चिन्ह आलं? पुन्हा त्याच तीन मधमाश्या! दहाव्या क्लेमेंटचे तारे १६७६ मध्ये पालुत्सो आल्तिएरीच्या ढालीवर तसेच. १७२१ मध्ये अकराव्या क्लेमेंटनंतर पुतण्या आन्निबाले आल्बानी. १७६९ मध्ये तेराव्या क्लेमेंटनंतर पुतण्या कार्लो रेत्सोनिको. ढाल तीच, घराणं तेच. मुकुट आहे की छत्री एवढ्यावर सगळं ठरतं. लिलावाच्या याद्यांतसुद्धा अशी नाणी चुकीच्या नावाखाली लागलेली दिसतात, आणि दरवेळी घोटाळा याच ठिकाणी झालेला असतो.

मला या नाण्यांचं वेड लागलं ते याच गोष्टीमुळे. घराणं कितीही बलाढ्य असो, काका गेल्याच्या दिवशी पुतण्याच्या ढालीवरचा मुकुट उतरतो. पुढचे काही दिवस राज्य त्याच्या हातात असतं, पण ते पदामुळे आणि तेवढ्यापुरतंच. हे अख्ख्या रोमला दर व्यवहारात, प्रत्येकाच्या तळहातावर सांगितलं जात होतं.

दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा पवित्र आत्म्याचं कबूतर, खाली झेपावणारं, चहूबाजूंनी किरणं. वचनं वेगवेगळी. 'उबी वुल्त स्पिरात', म्हणजे तो हवा तिथे वाहतो. १८३० च्या स्कूदोवर (चांदीचं मोठं नाणं) 'वेनी लुमेन कोर्दियुम', हृदयांच्या प्रकाशा, ये. १८४६ च्या स्कूदोवर 'नोन रेलिंक्वाम वोस ओर्फानोस', मी तुम्हाला अनाथ सोडणार नाही.

चांदीतली मूल्यं थोडक्यात: सगळ्यात मोठा पियास्त्रा किंवा चांदीचा स्कूदो, १७ व्या शतकात जवळजवळ ३२ ग्रॅमचा. त्याखाली अर्धा पियास्त्रा, मग टेस्टोने (३० बायोक्की; बायोक्को हे तिथलं छोटं चलन), जुलियो (१० बायोक्की) आणि ग्रोस्सो (५ बायोक्की). जुलियो हे नाव दुसऱ्या जुलियसवरून पडलं.

यापुढे १८७० नंतरची आणि व्हॅटिकनची नाणी आहेत, त्यांच्याबद्दल प्रतिसादांत लिहितो. कोणाच्या संग्रहात यातलं काही असेल तर जरूर सांगा.

निशिगंधा

फार छान लिहिलंय, छत्रीची खूण तर कायमची लक्षात राहील. एक शंका. गादी पंधरा-वीस दिवसच रिकामी असेल तर तेवढ्यात साचा कोरून, नाणी पाडून, ती बाजारात जाणार कधी? आणि एवढी घाई कशासाठी? आधीच्या पोपची नाणी काही रद्द होत नसतील ना?

ठसेगार

निशिगंधाताई, जुनी नाणी रद्द होत नसत, ती चालूच राहत. नवी पाडायची ती हक्क दाखवायला. नाणं पाडणं हा राजाचा अधिकार, आणि राजा नसतानाही राज्य शाबूत आहे हे दाखवायची याहून पक्की खूण त्या काळी नव्हती.

घाईचं म्हणाल तर १८४६ चं उदाहरण घ्या. सोळावे ग्रेगरी १ जूनला वारले आणि नववे पायस १६ जूनला निवडून आले. जेमतेम पंधरवडा. तरी तोम्मासो रियारियो स्फोर्त्सा या कामेरलेंगोच्या ढालीचा स्कूदो आहे, ९०० च्या शुद्धतेचा (हजारात ९०० भाग चांदी), साधारण २६.९ ग्रॅमचा, आणि त्याचं कोरीवकाम घाईघाईचं अजिबात वाटत नाही. रोमच्या टांकसाळीत हामेरानींसारखी घराणी पिढ्यान्‌पिढ्या साचे कोरत होती, हाताला वळण होतं. शिवाय कामेरलेंगो कोण हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ढाल नव्याने शोधावी लागत नाही.

उलट टोकाला १७४०. बारावे क्लेमेंट ६ फेब्रुवारीला गेले आणि चौदावे बेनेडिक्ट थेट १७ ऑगस्टला निवडले गेले. सहा महिन्यांहून जास्त! १७७४ मध्येही सप्टेंबरपासून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत गादी रिकामी होती. इतका काळ टांकसाळ बंद ठेवून कसं चालेल? लोकांना सुटे पैसे लागतातच.

सोपारेकर

वसईकडचा आहे, घरी पवित्र शास्त्र रोज वाचलं जातं. १८४६ च्या नाण्यावरचं वचन योहानाच्या १४ व्या अध्यायातलं आहे, प्रभू शिष्यांचा निरोप घेताना बोलतो तो भाग. पोप नसलेल्या दिवसांत गरीब माणसाच्या हातात हे वाक्य पडत होतं, हे वाचून मला खरोखर भरून आलं. आमच्याकडे धर्मगुरूंची बदली होऊन नवे येईपर्यंत गाव कसं वागतं ते मी पाहिलंय, त्यामुळे ते वाक्य किती मोलाचं होतं हे कळतं.

माझ्याकडे यातलं एक नाणं आहे, १९५८ चं ५०० लिरांचं, चांदीचं. ते मी मुद्दाम मिळवलं. बारावे पायस ९ ऑक्टोबर १९५८ ला वारले. त्यानंतरच्या निवडणुकीत मत देणाऱ्यांत आपले मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस होते, भारताचे पहिले कार्डिनल, १९५३ साली झालेले. गोव्याच्या घरातले, जन्म कराचीचा. सिस्टीन चॅपेलमध्ये एका भारतीय कार्डिनलने मत टाकलं ती ही पहिली वेळ. म्हणून मला हे नाणं मुंबईच्या चर्चचंही वाटतं. कोणाला पटो न पटो.

ठसेगार

सोपारेकर, पूर्ण पटतं, आणि हे कोणीतरी लिहायलाच हवं होतं. ग्रेशस १९६३ च्या निवडणुकीतही होते, त्यामुळे ती जोडी जमवा. दोन्ही नाण्यांवर ढाल एकाच माणसाची आहे, बेनेदेत्तो आलोइसी मासेल्ला.

आणि १९५८ च्या नाण्यामागे गंमतीची नव्हे, चांगली विचार करायला लावणारी गोष्ट आहे. लोरेन्सो लाउरी हे कामेरलेंगो १९४१ मध्ये वारले. त्यानंतर बाराव्या पायसनी ते पद भरलंच नाही, शेवटपर्यंत. म्हणजे पोप गेले तेव्हा गादीही रिकामी आणि गादी सांभाळणाऱ्याची जागाही रिकामी. कार्डिनलांनी जमून आधी मासेल्लांना कामेरलेंगो निवडलं. तेव्हा कुठे टांकसाळीला ढाल मिळाली! २८ ऑक्टोबरला तेविसावे जॉन निवडून आले. तुमच्या हातातलं ते ११ ग्रॅमचं नाणं या एकोणीस दिवसांचं आहे.

जुनी_नाणी_सांगली

ठसेगार, तुम्ही १८७० नंतरचं लिहितो म्हणालात. माझ्याकडे १८७८ चं एक 'नाणं' म्हणून विकायला आलं होतं. छत्री, किल्ल्या, सगळं व्यवस्थित. विकणारा चांदीचा स्कूदो म्हणून सांगत होता. मी घेतलं नाही, कारण मूल्य कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि वजन कशाशीच जुळत नव्हतं. काय असावं?

ठसेगार

उत्तम केलंत. ते पदक असणार. आणि तुमच्या प्रश्नातच या सगळ्या विषयाचं मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२० सप्टेंबर १८७० ला इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं आणि पोपचं राज्य संपलं. नववे पायस त्यानंतर सात-साडेसात वर्षं पोप होते, पण राज्यकर्ते नव्हते. फेब्रुवारी १८७८ मध्ये ते वारले तेव्हा कामेरलेंगो होता, छत्री होती, किल्ल्या होत्या. राज्य नव्हतं. म्हणून नाणं नाही! १८७८, १९०३, १९१४, १९२२, चारही वेळा गादी रिकामी झाली आणि एकदाही नाणं पडलं नाही. पदकं मात्र निघाली. कामेरलेंगोंची निघाली, तशी निवडणुकीच्या दारांची राखण करणाऱ्या मार्शलचीही निघाली. हा मान आधी सावेल्ली घराण्याकडे होता, १७१२ पासून कीजी घराण्याकडे. कीजींच्या पदकांवर त्यांची स्वतःची ढाल असते, तीसुद्धा नवख्याला चकवते.

१८७८ चा कामेरलेंगो होता जोआक्कीनो पेच्ची. तोच पुढे तेरावा लिओ म्हणून निवडून आला. नाणं पडलं असतं तर होणाऱ्या पोपची ढाल छत्रीखाली दिसली असती. ते भाग्य पुढे १९३९ च्या नाण्याला मिळालं. ११ फेब्रुवारी १९२९ ला लॅटरन करार होऊन व्हॅटिकन हे स्वतंत्र राज्य झालं आणि नाणी पाडायचा हक्क परत आला. १० फेब्रुवारी १९३९ ला अकरावे पायस वारले. ९३ वर्षांनी प्रथमच रिकाम्या गादीची नाणी पडली, चांदीच्या ५ आणि १० लिरा, ८३५ शुद्धतेच्या, ५ आणि १० ग्रॅमच्या. कामेरलेंगो एउजेनियो पाचेल्ली. त्यांच्या ढालीवर चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबूतर. २ मार्चला, स्वतःच्या वाढदिवशी, ते बारावे पायस म्हणून निवडून आले. महिनाभराच्या आत त्याच ढालीवरची छत्री जाऊन मुकुट आला.

एकच नाणं घ्यायचं असेल तर मी १९३९ च्या १० लिरा घ्यायला सांगेन. १८४६ चा स्कूदो देखणा आहे, पण तो वाचायला त्याच्याआधीची आणि नंतरची नाणी माहीत असावी लागतात. १९३९ च्या शेजारी बाराव्या पायसचं कुठलंही कुलचिन्हाचं नाणं ठेवा, सगळं आपोआप उलगडतं.

फ्रँकफुर्टी

इकडे जर्मनीत बसून युरोवाली नाणी नेहमी बघतो, म्हणून थोडी भर. २००५ मध्ये दुसरे जॉन पॉल वारले तेव्हा व्हॅटिकनने कामेरलेंगो एदुआर्दो मार्तिनेस सोमालोंच्या ढालीचा नेहमीच्या युरो नाण्यांचा पूर्ण संच काढला. ६०,००० संच. त्याशिवाय ५ युरोचं चांदीचं, ९२५ शुद्धतेचं, १८ ग्रॅमचं. २०१३ मध्ये सोळाव्या बेनेडिक्टनी राजीनामा दिला. १४१५ नंतर प्रथमच पोप हयात असताना गादी रिकामी! तार्चीसियो बेर्तोने यांच्या ढालीचं २ युरोचं नाणं १,२५,००० निघालं. युरोच्या नियमांत राष्ट्रप्रमुखाचं पद तात्पुरतं रिकामं असेल तर २ युरोचं एक जादा स्मरणनाणं काढायची मुभा आहे, ती यासाठी कामाला येते.

पण मला स्पष्ट वाटतं ते लिहितो. ही आताची नाणी संग्राहकांसाठीच बनतात. कोणी त्यातून पाव विकत घेत नाही. नवा पोप येऊन बसल्यावर ती डबीत घालून विकली जातात. जुन्या स्कूदोशी त्यांचं नातं जोडणं मला जड जातं.

ठसेगार

फ्रँकफुर्टी, माहितीबद्दल आभार. मतभेद मात्र आहे. व्यवहारात वापर नाही हे कबूल, पण नाणं पाडायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. पदकं तर १८७८ मध्येही निघालीच होती, तरी ती नाण्यांची जागा घेऊ शकली नाहीत. कायद्याने चालणारं नाणं आणि पदक यांच्यात जो फरक आहे तो डबीत घातल्याने पुसला जात नाही. २०१३ चं २ युरोचं नाणं तुम्ही आज बर्लिनच्या दुकानात दिलंत तर ते घ्यावंच लागेल.

फ्रँकफुर्टी

मुद्दा मान्य, तरी माझा जीव झिजलेल्या नाण्यातच रमतो. ज्या नाण्याने कधी भाजी घेतली असेल त्याची सर डबीतल्या नाण्याला नाही.

दर्यावर्दी

१९७८ चं काय? त्या वर्षी तर दोनदा गादी रिकामी झाली होती.

ठसेगार

हो, आणि दोन्ही वेळची वेगळी नाणी आहेत, दोन्ही ५०० लिरा, चांदीची, ११ ग्रॅम. सहावे पॉल ६ ऑगस्टला वारले. पहिले जॉन पॉल २६ ऑगस्टला निवडले गेले आणि २८ सप्टेंबरला तेही गेले. दुसरे जॉन पॉल १६ ऑक्टोबरला आले. दोन्ही वेळा कामेरलेंगो एकच, ज्याँ व्हिलो. त्यामुळे दोन्ही नाण्यांवर ढाल एक आणि साल एक. 'माझ्याकडे १९७८ चं आहे' एवढ्यावर थांबू नका. दोन्ही शेजारी ठेवून लेख आणि मागची बाजू जुळवून बघा, मगच जोडी पूर्ण झाली असं धरा.

सोपारेकर

ऑगस्ट १९७८ च्या निवडणुकीला कार्डिनल ग्रेशस आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत. ११ सप्टेंबरला ते वारले. म्हणजे दोन रिकाम्या गाद्यांच्या मधल्या काळात. १९७८ ची जोडी मीही शोधायला घेतो.

जुनी_नाणी_सांगली

नवख्यांसाठी हाताळण्याबद्दल. ५०० लिरांचं नाणं आकाराने आणि वजनाने आपल्या राणीछाप रुपयाच्या जवळ जातं, त्यामुळे रुपयाची कॅप्सूल चालेल असं वाटतं. पण ते व्यासाने थोडं लहान, २९ मिलिमीटर, आत हलतं आणि कडा घासते. मापाची घ्या. चांदी काळवंडली म्हणून राख, चिंच, टूथपेस्ट काहीही लावू नका. निळसर-तपकिरी झाक आलेलं नाणं घासून पांढरं केलं की त्याची अर्धी किंमत गेली. मऊ प्लॅस्टिकच्या जुन्या अल्बमांत ठेवलेल्या नाण्यांवर चिकट हिरवट थर येतो, तोही नखाने खरवडू नका. जाणकाराकडून शुद्ध ॲसिटोनने काढून घ्या.

मीरा_पणजी

धागा वाचून एक जुनं नाणं बाहेर काढलं. सासऱ्यांच्या संग्रहातलं, कागदाच्या पाकिटात होतं, पाकिटावर काहीच लिहिलेलं नाही. चांदीचं, लहान आणि पातळ. एका बाजूला ढाल. ढालीत वर एक तारा, मध्ये आडवा पट्टा, खाली तीन टेकड्या एकावर एक रचल्यासारख्या. वर छत्रीच आहे, पट्ट्या स्पष्ट दिसतात. दुसऱ्या बाजूला झिजलेलं कबूतर. साल रोमन अक्षरांत आहे पण पुढचा भाग गेलाय. कोणाचं असेल?

ठसेगार

मीराताई, तारा, पट्टा आणि तीन टेकड्या म्हणजे आल्बानी घराणं. मुकुट असता तर अकरावे क्लेमेंट म्हटलं असतं. छत्री आहे म्हणजे पुतण्या आन्निबाले आल्बानी. अडचण अशी की हा गृहस्थ १७१९ ते १७४७ कामेरलेंगो होता आणि त्याच्या काळात गादी चार वेळा रिकामी झाली, १७२१, १७२४, १७३० आणि १७४०. सालाचा शेवट वाचता आला तर निकाल लागेल. दिवा समोरून न धरता बाजूने, अगदी टेबलालगत धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. जमलं तर वजनही करा. ग्रोस्सो असेल तर दीड ग्रॅमच्या आत भरेल, जुलियो असेल तर त्याच्या दुप्पट.

मीरा_पणजी

बाजूने दिवा धरला तर खरंच दिसलं! शेवटची दोन अक्षरं एक्स आणि एल. त्याच्यामागे सी असावा असं वाटतं. वजन सोनाराकडे उद्या करते, पण हाताला अगदी हलकं लागतं.

ठसेगार

एक्स आणि एल म्हणजे चाळीस. १७४०, त्या सहा महिन्यांचं! एक्स एकटा किंवा तीन एक्स असते तर तीस वगैरेचा घोळ राहिला असता, इथे शंकेला जागा नाही. सोनाराला आधीच सांगा की फक्त वजन करायचं आहे, कसोटीवर घासायचं नाही आणि पाण्यात घालायचं नाही. वजन आलं की इथे टाका, आणि दोन्ही बाजूंचे फोटो त्याच बाजूच्या उजेडात काढा. कबुतराभोवतीच्या लेखातली चार-पाच अक्षरं जरी वाचता आली तरी वचन कुठलं ते शोधू.